जुन्या टू-स्ट्रोकसाठी क्लब रेसिंगचा योग्य वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सतत येत असतात. बहुतेक वेळा सोबत गाडीचा एक फोटो असतो आणि खाली एकच ओळ: "ही कशात बसेल?" फोटोवरून ते सांगता येत नाही. प्रत्येक क्लबची नियमपुस्तिका वेगळी असते, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या क्लबचाच. पण पुस्तिका कशी वाचायची आणि गाडीकडे कसं बघायचं, हे सगळीकडे जवळपास सारखंच आहे.

१. माझ्याकडे जुनी टू-स्ट्रोक आहे. वर्ग शोधायला सुरुवात कुठून करू?

एका कागदावर चार गोष्टी लिहा. गाडीचं डिझाइन कुठल्या वर्षाचं. इंजिन प्रत्यक्षात किती सीसीचं (कागदावर नव्हे, मोजून, प्रश्न ७ पाहा). कूलिंग, सस्पेन्शन आणि ब्रेक कुठल्या प्रकारचे. आणि मूळ गाडीपासून काय काय बदललं आहे. मग नियमपुस्तिका उघडा, पण वर्गांच्या तक्त्यावर उडी मारू नका. आधी व्याख्यांची पानं वाचा: "काळ" म्हणजे काय, "समान डिझाइन" म्हणजे काय, "मूळ भाग" कशाला म्हणायचं. तक्त्यात "३५० सीसीपर्यंत" असं दिसतं, पण त्या ओळीचा खरा अर्थ व्याख्येत दडलेला असतो. लोक नेमकं हेच पान वगळतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे: काळानुसार पाडलेल्या वर्गांत गाडीवरचा सगळ्यात नवा भाग तिचा वर्ग ठरवतो. टाकीवर काय लिहिलंय याने फरक पडत नाही. (टायर-पॅडसारखे अपवाद प्रश्न ६ मध्ये.)

२. विंटेज, क्लासिक, पोस्ट-क्लासिक... यात नेमका फरक काय?

नावांवर जाऊ नका. एका क्लबचं "क्लासिक" दुसऱ्याकडे "विंटेज" असतं. महत्त्वाची असते ती कट-ऑफ तारीख आणि तिच्यासोबत येणाऱ्या तांत्रिक अटी. टू-स्ट्रोकच्या बाबतीत या रेषा साधारण काही ठरावीक बदलांभोवती आखल्या जातात. हवेने थंड होणारं इंजिन, मागे दोन शॉक ॲब्सॉर्बर, ड्रम ब्रेक किंवा एखादी डिस्क, हा एक काळ. मग पाण्याने थंड होणारं इंजिन आणि मोनोशॉक (मागे एकच शॉक). १९८० ची यामाहा आरडी३५० एलसी हे त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. त्यानंतर पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्ट पोर्टची उंची आरपीएमनुसार बदलणारी झडप) आणि ॲल्युमिनियम फ्रेम. १९८३ ची सुझुकी आरजी२५० गामा ॲल्युमिनियम फ्रेम घेऊनच रस्त्यावर आली. आणि शेवटी व्ही-ट्विन २५०: सुझुकी आरजीव्ही, होंडा एनएसआर, एप्रिलिया आरएस२५०.

पण प्रत्येक रेषेला अपवाद आहे. सुझुकी जीटी७५० १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच वॉटर-कूल्ड होती. "पाणी आहे म्हणजे नंतरचा काळ" असा हिशेब तिला लावला तर चुकेल. म्हणूनच पुस्तिकेत तारीख आणि तांत्रिक अट दोन्ही दिलेल्या असतील, तर दोन्ही वाचा.

३. माझी २५० टू-स्ट्रोक चारशे किंवा सहाशेच्या फोर-स्ट्रोकसोबत का उभी करतात? हा अन्याय नाही का?

नाही. टू-स्ट्रोक क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटते, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांना एकदा. सीसी सारखीच असेल तर टू-स्ट्रोककडे कामाचे स्ट्रोक दुप्पट. हे प्रत्यक्षात दुप्पट ताकदीत उतरत नाही, कारण ताज्या मिश्रणाचा काही भाग जळण्याआधीच एक्झॉस्टमधून निघून जातो. पण फरक मोठा आहे, म्हणून रेसिंगमध्ये सीसीची बरोबरी लावतात.

जुनं उदाहरण टीटी फॉर्म्युला या जागतिक स्पर्धेचं. १९७७ च्या नियमांत फॉर्म्युला १ मध्ये १००० सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोकसमोर ५०० पर्यंतच्या टू-स्ट्रोक, फॉर्म्युला २ मध्ये ६०० समोर ३५० आणि फॉर्म्युला ३ मध्ये ४०० समोर २५०. याच फॉर्म्युला २ मध्ये टोनी रटरची सहाशे सीसी गटातली डुकाटी जिंकत होती आणि नंतर, १९८५ मध्ये, ब्रायन रीड यामाहा ३५० वर जिंकला. म्हणजे गणित अगदीच चुकीचं नव्हतं. २००२ मध्ये मोटोजीपीने ५०० टू-स्ट्रोकसमोर ९९० फोर-स्ट्रोक उभ्या केल्या, तिथे मात्र टू-स्ट्रोकचा निभाव लागला नाही.

तुमच्या क्लबचं गुणोत्तर काय आहे ते बघा. आणि ते फक्त "ओपन" म्हणजे खुल्या वर्गांना लागतं की काळाच्या वर्गांनाही, हेही बघा. बऱ्याच ठिकाणी जुन्या वर्गांत तेव्हाचीच विभागणी ठेवलेली असते: २५०, ३५०, ५००.

४. वर्ष कुठलं धरायचं? गाडी १९८५ ची आहे, पण डिझाइन त्याहून जुनं.

जुन्या गाड्यांमधला हा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर "समान डिझाइन" या कलमात असतं. बरेच क्लब म्हणतात की कट-ऑफनंतर बनलेली गाडी जर कट-ऑफआधीच्या गाडीसारखीच असेल, म्हणजे फ्रेम, इंजिन आणि सस्पेन्शन यांत महत्त्वाचा फरक नसेल, तर ती जुन्या वर्गात चालते. काही क्लब मात्र बनण्याचंच वर्ष धरतात आणि ऐकून घेत नाहीत.

राजदूत ३५० हे याचं ठळक उदाहरण. १९८३ पासून बनलेली ही गाडी मुळात १९७३ च्या आरडी३५० चं रूप आहे: हवेने थंड होणारं ३४७ सीसीचं ट्विन, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत येऊ देणारी पातळ पट्टीची झडप), मागे दोन शॉक. पुढे डिस्कऐवजी ड्रम. एचटी (हाय टॉर्क) आवृत्तीची ताकद ३०.५ बीएचपी, एलटीची (लो टॉर्क) २७; मूळ आरडीपेक्षा दोन्ही कमी. "समान डिझाइन" मानणाऱ्या क्लबात तिला सत्तरच्या दशकातल्या वर्गात उभं करायला कागदोपत्री अडचण नसावी, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ती मूळ आरडीसारखीच आहे हे दाखवणं तुमचं काम; मालिका नंबर आणि पार्ट्स कॅटलॉगची पानं सोबत ठेवा.

नोंदणीचं वर्ष मात्र सहसा कुणीच विचारात घेत नाही. गोदामात चार वर्षं पडून नंतर विकलेली गाडी नोंदणीच्या वर्षाने नवी होत नाही.

५. गाडीचं वर्ष आणि मॉडेल सिद्ध कसं करू?

फ्रेम आणि इंजिन नंबरच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून. यामाहात ४एल० म्हणजे ३५० एलसी, ४एल१ म्हणजे २५० एलसी, ३१के म्हणजे पॉवर व्हॉल्व्हवाली आरडी३५०. सुझुकीत व्हीजे२१, व्हीजे२२, व्हीजे२३ या आरजीव्हीच्या पिढ्या. होंडा एनएसआर२५० मध्ये एमसी१६, एमसी१८, एमसी२१, एमसी२८. फ्रेमवर एक आणि इंजिनवर दुसरा कोड निघाला तर घाबरू नका, जुन्या गाड्यांमध्ये ते नेहमीचंच. फक्त अशा वेळी गाडीचं नाव फ्रेमवरून आणि वर्ग दोन्हींपैकी नव्या भागावरून, असं समजून चाला.

नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल तर तपासणीच्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नाही. आधीच लेखी विचारा (प्रश्न १५).

६. पुढचा फोर्क आणि डिस्क नंतरच्या गाडीचे लावलेत. वर्ग बदलतो का?

बहुधा हो. सोय म्हणून लावलेल्या भागांनीच लोक अडकतात. फोर्क गळत होता, बाजारात नंतरच्या मॉडेलचा स्वस्तात मिळाला, बसवला. पण त्या फोर्कसोबत गाडी कधी कधी दहा वर्षं पुढच्या वर्गात जाते, आणि तिथे तिच्याकडे इंजिन मात्र जुनंच असतं. दोन्हीकडून तोटा.

हे एकाच नावाच्या गाड्यांमध्येही घडतं. यामाहाच्या टीझेड२५० आणि ३५० रेसरमध्ये ए आणि बी या अक्षरांच्या गाड्यांना मागे दोन शॉक आणि ड्रम ब्रेक होते. १९७६ च्या सी पासून मोनोशॉक आणि डिस्क आले. इंजिन घराणं तेच, पण दोन शॉकची अट असलेल्या वर्गात बी चालते आणि सी चालत नाही. "टीझेड आहे" एवढं सांगितलं तर काहीच सांगितलं नाही.

साधारणपणे ज्या बदलांना हरकत घेत नाहीत: टायर, ब्रेकचे पॅड आणि होज, चेन, क्लिप-ऑन हँडल, सीट, फायबरची बॉडी, मागचे शॉक (प्रकार तोच असेल तर). ज्यांना घेतात: रिमची रुंदी आणि व्यास, चार पिस्टनचे कॅलिपर, अपसाइड-डाउन फोर्क, ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म. त्या काळात ते कुणी लावत होतं असा पुरावा दिला तर काही क्लब ऐकतात.

७. बोअर वाढवलाय. वर्गाची मर्यादा ओलांडली का?

गणित करा. बोअर (सिलेंडरचा व्यास) गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) गुणिले सिलेंडरची संख्या, सगळं सेंटीमीटरमध्ये.

आरडी३५० चा बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी. ३४७ सीसी. पहिला ओव्हरसाइज पिस्टन, ६४.२५, टाकला की आकडा ३५०.१५ होतो. म्हणजे पहिल्याच रीबोअरला ही गाडी ३५० च्या रेषेपलीकडे जाते! ६४.५० ला ३५३, आणि ६५ ला ३५८. म्हणूनच शहाण्या पुस्तिकांमध्ये ओव्हरबोअरची सवलत असते, कधी मिलीमीटरमध्ये, कधी टक्क्यांत. ती "वर्गाच्या मर्यादेवर" मोजतात की "गाडीच्या मूळ सीसीवर", हे वाचा. दोन्हींत चांगला फरक पडतो. आरडी२५० (५४ गुणिले ५४) थोडी सुखी आहे: पहिल्या ओव्हरसाइजला २४९.६, दुसऱ्याला मात्र २५२.

आरजीव्ही किंवा आरएस२५० वाल्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे सिलेंडरला प्लेटिंग असतं. खराब झालं की पुन्हा प्लेटिंग करून मूळ मापावर यायचं.

आणि आरएक्स१०० वर १३५ चा ब्लॉक चढवला असेल तर ती आता आरएक्स१०० नाही. स्ट्रोक ५० मिमीच आहे, पण बोअर ५० वरून ५८ झाला. ९८ ची १३२ सीसी झाली. १२५ च्या वर्गातून ती गेली. बाहेरून ओळखू येत नाही असं वाटत असेल, तर तपासनीस हेड उघडायला सांगू शकतो हे लक्षात ठेवा.

८. चेंबर, रीड, कार्ब, इग्निशन, पोर्टिंग. काय चालतं?

गाडी प्रॉडक्शन वर्गात आहे की सुधारित वर्गात, यावर सगळं. प्रॉडक्शनमध्ये मूळ कार्ब, मूळ एअरबॉक्स, कधी मूळ सायलेन्सरसुद्धा लागतो. जेट (कार्बमधून पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बदलायला सहसा परवानगी असते. सुधारित वर्गात एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप), मोठे कार्ब, पोर्टिंग (सिलेंडरमधल्या वाटा घासून बदलणं), हेड कापून स्क्विश (पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट) घट्ट करणं, रीडचे ब्लॉक, हे सगळं चालतं.

इग्निशन हा वेगळा मुद्दा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायला जवळपास सगळेच होकार देतात, कारण त्याने गाडी भरवशाची होते. पण आरपीएमनुसार ॲडव्हान्स (ठिणगीची वेळ) बदलणारं प्रोग्रॅमेबल इग्निशन काही जुन्या वर्गांत नको असतं. पॉवर व्हॉल्व्हही तसाच. वायपीव्हीएस (यामाहाचा पॉवर व्हॉल्व्ह) सिलेंडर एलसीच्या क्रँककेसवर बसवायची जुनी हौस आहे. पॉवर व्हॉल्व्ह वर्ज्य असलेल्या वर्गात व्हॉल्व्ह उघडा अडकवून ठेवला म्हणून सिलेंडर चालत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या हंगामात प्रॉडक्शन किंवा त्याच्या जवळचा वर्ग निवडा. चेंबर आणि पोर्टिंगचं वेड लागलं की प्रत्येक शर्यतीआधी जेटिंग पुन्हा करावं लागतं, आणि त्यात रायडिंग शिकायचं राहून जातं.

९. यामाहा टीझेड किंवा होंडा आरएस१२५ सारखी जन्मजात रेसर आहे. ती रस्त्याच्या गाड्यांसोबत धावू शकते?

क्वचितच. तिच्यासाठी जीपी वर्ग असतो. जागतिक स्पर्धेतली ३५० ची शर्यत १९८२ ला संपली, २५० ची जागा २०१० मध्ये मोटो२ ने घेतली आणि १२५ ची २०१२ मध्ये मोटो३ ने. त्यामुळे क्लब पातळीवर या गाड्या काळानुसार पाडलेल्या जीपी वर्गांत किंवा खुल्या वर्गात एकत्र येतात. क्लबात जीपी वर्ग नसेल तर प्रश्न १५.

१०. नियमाने माझी गाडी ज्या वर्गात बसते, तिथे मी सगळ्यांच्या मागे असतो. खालचा वर्ग घेऊ का?

गाडीला खालचा वर्ग मिळत नाही. वरचा मिळू शकतो (प्रश्न ११). पण वर्ग आणि ग्रिड (शर्यतीत एकत्र सुटणाऱ्या गाड्या) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाड्या कमी असल्या की क्लब तीन-चार वर्ग एकाच शर्यतीत सोडतो, कधी टप्प्याटप्प्याने. मग तुमच्यापुढे १२५ आणि मागून ६०० येऊ शकते. १२५ वळणात वेग राखून जाते, मोठी गाडी सरळ रस्त्यावर झपाट्याने येते. दोघांच्या वेगाचा फरक वळणाच्या तोंडाशी सगळ्यात जास्त असतो. वर्ग निवडताना तो कुणासोबत सुटतो हे मागच्या हंगामाच्या निकालांत बघा. बक्षिसापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

११. एकाच दिवशी दोन वर्गांत धावता येईल का?

बहुतेक क्लबांत हो. ३५० ची गाडी ३५० मध्ये आणि मग ५०० मध्येही. खुल्या वर्गात तिसऱ्यांदा. पण टू-स्ट्रोकला हे महागात पडतं: पिस्टन, रिंग आणि क्रँकचे बेअरिंग धावलेल्या तासांवर मोजायचे असतात. दोन शर्यतींमध्ये इंजिन थंड व्हायला आणि प्लग बघायला वेळ उरतो का, हे वेळापत्रकात आधी बघा.

१२. पेट्रोल आणि ऑइल कुठलं? वर्गाशी याचा संबंध आहे का?

आहे. काही वर्गांत पंपाचंच पेट्रोल, काहींत रेसचं इंधन, काही ठिकाणी शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल अजून चालतं तर काही ठिकाणी त्यावर बंदी. वर्ग ठरल्यावरच जेटिंग करा, कारण इंधन बदललं की जेटिंग बदलतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मिश्रण पातळ होतं. मुख्य जेट तोच ठेवला तर सरळ रस्त्याच्या शेवटी पिस्टन पकडतो. शिवाय इथेनॉल जुन्या फायबरच्या टाक्या आणि रबर खातं.

ऑइल पंप काढून प्रीमिक्स (ऑइल आधीच मिसळलेलं पेट्रोल) वापरणं बहुतेक ठिकाणी चालतं. पंप काढला तर त्याचं तोंड नीट बंद करा. आणि एरंडेल ऑइल वापरायचं असेल तर आधीचं मिनरल ऑइल पूर्ण काढून टाका. दोन्हींचा एकत्र चिकट गाळ होतो.

१३. तपासणीत टू-स्ट्रोकसाठी वेगळं काय बघतात?

गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगला आणि फिलरला सेफ्टी वायर. ब्रीदरची नळी बाटलीत. रेडिएटरमध्ये फक्त पाणी, कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की साबणासारखं पसरतं. चेंबरच्या स्प्रिंग वायरने बांधलेल्या. थ्रॉटल सोडल्यावर हँडल कुठल्याही कोनात असलं तरी स्वतःहून पूर्ण बंद व्हायला हवा. दोन कार्बच्या जुन्या केबल इथेच नापास होतात. किल स्विच चालणारा. पुढच्या स्प्रॉकेटला आणि चेनच्या खालच्या बाजूला गार्ड.

नंबर प्लेटचा रंगही वर्गावर असतो. जुन्या जागतिक पद्धतीत १२५ ला काळ्यावर पांढरा, २५० ला हिरव्यावर पांढरा, ३५० ला निळ्यावर पांढरा, ५०० ला पिवळ्यावर काळा. बरेच क्लासिक क्लब अजून हेच पाळतात, पण स्टिकर कापायच्या आधी पुस्तिका बघा.

१४. आवाजाची मर्यादा वर्गाची असते की ट्रॅकची?

दोघांपैकी कडक असेल ती लागू. उभ्या गाडीची चाचणी सायलेन्सरच्या टोकापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात मीटर धरून घेतात. किती आरपीएमवर, हे अनेकदा स्ट्रोकवरून काढतात; स्ट्रोक जितका छोटा तितका आरपीएम जास्त. चेंबरचा सायलेन्सर जुन्या पॅकिंगने भरलेला असेल तर आधी पॅकिंग बदला. निम्म्या गाड्या तेवढ्याने पास होतात.

१५. माझी गाडी कुठल्याच वर्गात बसत नाही. आता?

आधी खात्री करा की ती खरंच बसत नाही. प्रश्न ४ आणि ६ पुन्हा वाचा. एक-दोन भाग मूळचे परत लावले की बसते, असं बरेचदा होतं. तरीही नसेल तर क्लबच्या पात्रता बघणाऱ्या माणसाला हंगामाआधी लिहा: नंबर, चारी बाजूंचे फोटो, मोजलेली सीसी, बदललेल्या भागांची यादी. लेखी होकार आला की त्याची प्रत गाडीसोबत ठेवा. आदल्या संध्याकाळी पॅडॉकमध्ये तोंडी मिळालेला होकार दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. शेवटचा पर्याय म्हणजे खुला वर्ग, जिथे सुरक्षेपलीकडे कुणी काही विचारत नाही, किंवा परेड, म्हणजे शर्यत न करता ट्रॅकवर फेरी.

१६. स्पेशल फ्रेममध्ये, हॅरिस किंवा स्पॉन्डन या ब्रिटिश फ्रेम बनवणाऱ्यांच्या, आरडीचं इंजिन आहे. वर्ष कुणाचं?

त्या फ्रेम त्या काळातही बनत होत्या, त्यामुळे क्लब सहसा ओळखतात. फ्रेम कट-ऑफआधी बनलेली असेल किंवा त्या काळच्या फ्रेमची प्रामाणिक नक्कल असेल तर चालते. प्रॉडक्शन वर्ग मात्र विसरा.

१७. बॅन्शीचं इंजिन किंवा सिलेंडर आरडीत लावलं तर?

बॅन्शी ही यामाहाची १९८७ पासूनची चारचाकी एटीव्ही. तिचं इंजिन आरझेड३५० (पॉवर व्हॉल्व्हवाल्या आरडी३५० चं काही देशांतलं नाव) च्या घराण्यातलं, वॉटर-कूल्ड, पॉवर व्हॉल्व्हशिवाय, बोअर-स्ट्रोक तेच ६४ गुणिले ५४. तिचे नवे भाग मिळतात म्हणून लोक वळतात. काही क्लब सिलेंडरला बदली भाग मानतात, काही त्याचं वर्ष धरतात. बाजारात बॅन्शीसाठी लांब स्ट्रोकचे क्रँक आणि मोठ्या बोअरचे सिलेंडरही भरपूर आहेत, त्यामुळे सीसी मोजून दाखवायची तयारी ठेवा.

१८. कुणी माझ्यावर प्रोटेस्ट (गाडी नियमात नाही अशी तक्रार) केला तर?

इंजिन उघडावं लागेल. सहसा प्रोटेस्ट करणाऱ्याने पैसे भरायचे असतात आणि तुमची गाडी नियमात निघाली तर ते तुम्हाला मिळतात. हेड आणि बेस गॅस्केटचा एक जादा संच टूलबॉक्समध्ये ठेवा, म्हणजे उघडलेलं इंजिन पुढच्या शर्यतीआधी बंद करता येईल.